माहेरच्या चढावरची गाडी

वुकाशिनला नकार देता येत नसे. गाव त्याला स्वभाव म्हणे, बायको आजार म्हणे. एकदा तो छपरावर कौलं बसवत होता, तेव्हा खालून कुणीतरी हाक मारली, "वुकाशिनकाका, जरा शिडी हवी होती." "ने की," वुकाशिन वरून म्हणाला. शिडी गेली, आणि हा दिवेलागणीपर्यंत धुराड्याला पाठ लावून वरच बसून राहिला. शेवटी बायकोने काठीच्या टोकाला पाव अडकवून वर पोचवला. शिडी परत आल्यावर हा खाली उतरला, तेव्हा ती काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "अगं, त्याला गरज होती."

तसा माणूस साधा, मिशा दांडग्या आणि आवाज बारीक. उभं आयुष्य त्याने दूध संघाची लॉरी चालवली. वाटेत हात करील त्याला बसवून घेतलं, त्यामुळे आमच्या ग्रबोवित्साचं दूध तालुक्याला पोचेपर्यंत पुष्कळदा दही झालेलं असे. संघाचा साहेब त्याला रागवायला म्हणून बोलावी आणि बोलणं संपता संपता त्याच्याकडूनच काहीतरी उसनं घेऊन जाई.

त्याच्या मालकीची डौलाची वस्तू एकच. छप्पन सालची काळी जर्मन मोटार. गावचा जनावरांचा डॉक्टर बदली होऊन गेला, तेव्हा जाताना ती वुकाशिनला देऊन गेला. त्याच गाडीतून वुकाशिनने स्तोयांकाला लग्न करून आणलं, डोंगरावरच्या लिपोव्हात्स गावाहून खाली ग्रबोवित्साला. वरातीत नवरीची बहीण कोसारा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "उतारावर काय, भोपळासुद्धा जातो. ही वर चढून दाखवू दे, मग बघू."

ती चढून दाखवायची राहिलीच. लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात गाडी अंगणात बंद पडली. दुखणं बारीक होतं, दुपारभरात निघालं असतं. पण त्याच दुपारी रादिसाव आला. रादिसाव म्हणजे वुकाशिनचा कूम, लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी येत नाही. त्याला पिंपातली राकिया, म्हणजे प्लमची घरगुती दारू, बाटल्यांत काढायला पंप हवा होता. वुकाशिनने गाडीचा पेट्रोलचा पंप काढून दिला. दोन दिवसांसाठी.

मग काय, दार उघडंच झालं. रादिसावच पुन्हा येऊन गाडीचं हँडल घेऊन गेला. इंजिन सुरू करायला समोरून घालून फिरवतात ते लांब लोखंडी हँडल. त्या हँडलने अख्खं कोकरू निखाऱ्यावर छान फिरतं, असा त्याला शोध लागला होता. गावातल्या तिहोमीरने चारही प्लग नेले, मासे धरायच्या दोरीला वजन म्हणून. पाद्रीबाबा येव्रेम यांनी इंजिनला ठिणगी देणारी कॉइल नेली आणि तिच्यातून आपल्या कोबीच्या वाफ्यांभोवती विजेचं कुंपण केलं. गावच्या गाईंना त्या कुंपणाचा असा धसका बसला, की त्या देवळावरून जातानासुद्धा अंग चोरून जात. उरलेली मोटार वुकाशिनने कोठारात ढकलली आणि तिच्यात कोंबड्या राहायला आल्या. अशी तीसेक वर्षं गेली.

दर वसंतात संत जॉर्जच्या दिवशी कोसाराच्या घरी कुळाच्या संताचा सण असतो. स्तोयांका मांडीवर केक घेऊन बसने माहेरी जाई, आणि कोसारा भरल्या पंक्तीत विचारी, "काय गं, यंदा तरी मोटारीतून आलीस का?" पंक्ती हसे. स्तोयांकाही हसे, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसे.

त्या वर्षी हिवाळ्यात लिपोव्हात्सची बसच बंद झाली. स्तोयांकाने ते ऐकलं, हातातली कढई खाली ठेवली आणि म्हणाली, "माणसा, यंदा मी माहेरी तुझ्या गाडीतून जाणार."

"अगं, पण तिचं इंजिन..."

"तिचं इंजिन गावभर पसरलंय, ते मला माहीत आहे. जाऊन आण. तू आजवर गावात कुणाला नाही म्हणाला नाहीस. तुझे शिल्लक राहिलेले सगळे ‘नाही’ माझ्या वाट्याला आले. गाडी चालली तर गाडीने जाईन. नाही चालली तर तो चढ पायी चढेन. पण एकदा पायी चढले, की परत उतरायची नाही, सांगून ठेवते. कोसाराकडे खोली रिकामी आहे."

ती हे रागाने बोलली असती तर वुकाशिनला हायसं वाटलं असतं. पण ती शांतपणे बोलली.

दुसऱ्या दिवशी तो कुमाकडे गेला. आता आमच्याकडे रीत अशी, की पाहुणा बसला की आधी चमचाभर मुरंबा आणि पाणी, मग कॉफी, मग राकिया. आणि कामाचं बोलणं तिसऱ्या पेल्यानंतर. त्याआधी काम काढणारा माणूस उद्धट. आणि तिसऱ्या पेल्यानंतर वुकाशिनला काम आठवत नसे. संध्याकाळी तो गात गात घरी आला. पंप आणलाच नव्हता, उलट गाडीची मागची सीट कुमाला ओसरीवर टाकायला कबूल करून आला होता.

"मागची सीट?" स्तोयांका म्हणाली. "मग मी बसू कुठे, टपावर?"

वुकाशिन बूट काढायला वाकला.

"उद्या परत जा," ती म्हणाली. "आणि काही झालं तरी बसू नकोस. बसलास की संपलास. दारात उभा राहा, पंप माग, घेऊन ये. पाय मोडले तरी बसायचं नाही."

सल्ला चांगला होता. पण दोघांनाही एक गोष्ट आठवली नाही, आणि ती आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असते. आमच्याकडे बोलावूनही बसत नाही तो एकच माणूस, मयताची बातमी घेऊन आलेला. तो टोपी काढतो आणि उंबऱ्याशी उभा राहतो.

वुकाशिन टोपी काढून कुमाच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

"या भाऊजी, बसा," कुमाची बायको दारिंका म्हणाली. ती टेबलावर पीठ लाटत होती. वुकाशिन बसला नाही. तो हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिला.

"बसा ना. असे उभे का?" दारिंकाचं लाटणं थांबलं. "भाऊजी? काय झालं?"

"स्तोयांका..." वुकाशिन म्हणाला. त्याला सांगायचं होतं, की स्तोयांकाने पंप मागितलाय. पण दिलेली वस्तू परत मागायची त्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. बारीक आवाज आणखी बारीक झाला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"स्तोयांका? अगं आई गं! स्तोयांका गेली?"

आता इथे कुणीही सरळ काय ते सांगितलं असतं. वुकाशिननेही तोंड उघडलं. पण बाईमाणसाला तिच्याच घरात तोंडावर खोटं पाडायचं म्हणजे फार झालं.

"तसं म्हणजे..." तो म्हणाला.

"कधी हो?"

"सकाळी ती मला म्हणाली..."

"म्हणजे बोलली! शेवटचं बोलली! काय म्हणाली?"

"पंप आण म्हणाली."

दारिंकाने पिठाचे हात तोंडावर घेतले आणि टाहो फोडला. "मरतानासुद्धा पंप! आणि आम्ही मेल्यांनी तो दडपून ठेवला!" आतून रादिसाव धावत आला. ऐकलं, पांढरा पडला, माजघरातून पंप घेऊन आला. मग परसात जाऊन ते हँडलही घेऊन आला. त्याला अजून गेल्या वर्षीची चरबी होती. "घे कुमा," तो हुंदका देत म्हणाला. "जाणाऱ्या माणसाची इच्छा आहे."

वुकाशिन दोन्ही वस्तू काखेत मारून बाहेर पडला आणि मुद्दाम ओढ्याकडून लांबच्या वाटेने निघाला. हे स्तोयांकाला कसं सांगायचं, ते त्याला ठरवायचं होतं. बातमीने मात्र लांबची वाट घेतली नाही. तो ओढ्यापर्यंत पोचतो तोच देवळाची घंटा वाजायला लागली.

घरी येऊन बघतो तर अंगण भरलेलं. बायका काळे रुमाल बांधून, मयताला नेतात ते साखर घातलेले शिजवलेले गहू घेऊन आल्या होत्या. तिहोमीर चारही प्लग छातीशी धरून उभा होता. "काय मनाची मोठी बाई," तो म्हणत होता. "तीस वर्षं मी हिचे प्लग नदीत बुडवले, पण कधी मला वाकडं बोलली नाही." पाद्रीबाबांच्या एका हातात धूपदान होतं आणि झग्याच्या खिशात कॉइल फुगून दिसत होती. प्रत्येकाला काही ना काही चांगलं आठवत होतं. दारिंकाला तर न झालेलंही आठवत होतं.

आणि कोठाराचं दार उघडून स्तोयांका बाहेर आली. कोंबड्यांची घाण काढून कोपरापर्यंत काळी, केसांत पिसं. ती दाराआड बराच वेळ उभी होती, हे तिने पुढे कबूल केलं. इतकं छान ऐकायला मिळतं हे ठाऊक असतं तर दर वर्षी मेले असते, असंही म्हणाली.

"पाद्रीबाबा," ती म्हणाली, "घंटा कुणासाठी वाजली?"

पाद्रीबाबांच्या हातातून धूपदान सुटून तिहोमीरच्या पायावर पडलं. तिहोमीरच्या किंकाळीने सगळे भानावर आले, आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू वुकाशिनकडे वळल्या.

वुकाशिनने सगळं सांगितलं. खोटं बोलणंही त्याला जमत नसे. स्तोयांका ऐकत होती. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"म्हणजे त्यांनी विचारलं मी मेले का," ती म्हणाली, "आणि तुला माझ्या मरणालासुद्धा नाही म्हणता आलं नाही?"

अंगणातल्या एकालाही हसू आलं नाही. ती वळली आणि कोठारात निघून गेली.

तिहोमीर लंगडत लंगडत, प्लग घेऊन, फाटकाकडे सरकायला लागला. "कुठे?" पाद्रीबाबा म्हणाले. "आत्म्याच्या शांतीसाठी आणलेली वस्तू परत नेत नाहीत."

"पण ती जिवंत आहे!"

"आज ना उद्या उपयोगी पडेल. ठेव." असं म्हणून त्यांनीही कॉइल काढून ठेवली. पण ठेवताना त्यांचा चेहरा मोठा दुःखी होता, कारण कोबीला नुकती पानं फुटली होती. गहू तिथेच सगळ्यांनी मिळून संपवले.

त्या दिवसापासून स्तोयांका नवऱ्याशी बोलेना. कोठारात ती रोज येई, पुसायला, धरायला, दिवा दाखवायला. पण जे सांगायचं ते कोंबडीला सांगे. एक म्हातारी ठिपक्यांची कोंबडी इंजिनावरची आपली जागा सोडायला तयार नव्हती. "कोंबडे," स्तोयांका म्हणे, "त्या माणसाला सांग, तो शोधतोय तो पाना तुझ्या पोटाखाली आहे." वुकाशिन कोंबडीचे आभार मानी.

इंजिन दगडासारखं आवळलं होतं. हँडलला दोघे लोंबकळले तरी हलेना. रादिसावचं मत पडलं, की गंजावर राकियाइतकं दुसरं काही चालत नाही. त्याने स्वतः बसून एक पेला सिलिंडरला, एक पेला स्वतःला, असं चारही सिलिंडरचं औषधपाणी केलं. शेवटी त्याला हातगाडीवर घालून घरी पोचवावं लागलं. पण औषध खरं निघालं. दोन दिवसांनी हँडल कुरकुरलं, मग हललं, मग एक पूर्ण फेरा फिरलं. वुकाशिनने कार्बोरेटर उकळून काढला. त्यातून इतकी बारीक पिसं निघाली की एक उशी भरली असती. बॅटरी ट्रॅक्टरची लावली. राहिला पंख्याचा पट्टा. तो कुजून गेला होता आणि तसला कुठे मिळत नव्हता. स्तोयांका घरात गेली, सणाला घालायचे म्हणून घेतलेले नायलॉनचे नवे लांब मोजे घेऊन आली, त्यातला एक कोंबडीपुढे टाकला आणि निघून गेली. वुकाशिनने त्याला घट्ट पीळ देऊन पट्टा केला. करताना त्याला इतकी लाज वाटली, की त्याच्याच्याने वर बघवेना.

संत जॉर्जच्या दिवशी सकाळी सगळं गाव कोठारासमोर जमलं. वुकाशिनने हँडल घातलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं, गाडीने एक ढेकर दिली. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा बंदुकीसारखा बार झाला. सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं घरटं उडून पाद्रीबाबांच्या दाढीत बसलं, बॉनेटखालून ठिपक्यांची कोंबडी शिव्या देत बाहेर पडली, निळा धूर झाला, आणि त्या धुरातून तो आवाज आला. टुकटुक टुकटुक, जरा लंगडा, पण तोच. नवरीला घेऊन डोंगर उतरताना वुकाशिनने ऐकला होता तो. त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो सगळ्यांसमोर रडला.

स्तोयांका सणाच्या काळ्या पोशाखात, एका पायात नवा आणि एका पायात जुना मोजा घालून, मांडीवर केक घेऊन मागच्या सीटवर बसली. समोर बघत.

तेवढ्यात लांबून हंबरणं ऐकू आलं. "कोबी!" पाद्रीबाबा किंचाळले. गाईंना कुंपण मेल्याची खबर लागली होती. "वुकाशिन, बाळा, कॉइल! एक तासभर दे. गाई हाकलतो आणि देतो."

"कुमा, हँडल!" रादिसाव म्हणाला. "आता तुझी सुरूच झालीय, तुला हँडल कशाला? माझं कोकरू एका अंगाने जळतंय!"

हँडलला हरकत नव्हती, असं तुम्ही म्हणाल. पण वाटेत गाडी बंद पडली तर हँडलशिवाय ती म्हणजे पुन्हा कोंबड्यांचं घर. वुकाशिनने कुमाकडे बघितलं. पाद्रीबाबांकडे बघितलं. त्याच्या तोंडात ‘ने की’ तयारच होतं, नेहमीच्या जागी, जिभेच्या टोकावर. मग त्याने आरशात बघितलं. आरशात स्तोयांका होती. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि केकचं भांडं गच्च धरलं होतं.

"नाही," वुकाशिन म्हणाला.

फक्त इंजिन टुकटुकत होतं.

"काय म्हणालास?" रादिसावने विचारलं. रागाने नव्हे, त्याला खरंच कळलं नव्हतं.

"नाही. देत नाही." वुकाशिनला त्या शब्दाची चव आवडली असावी. "कॉइल नाही. हँडल नाही. सीटपण नाही."

"बरं बाबा, देव तुझ्यासोबत असो," पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले.

"नाही!" वुकाशिन भरात म्हणाला, आणि गाडी निघाली.

गाडी चढली. दर वळणावर खोकली, दर वळणावर तिला आणि वुकाशिनला घाम फुटला, पण चढली. लिपोव्हात्सच्या फाटकात कोसारा उभी होती. तिने आवाज लांबूनच ऐकला होता.

"भाऊजी, उतरा, बसा," ती म्हणाली.

"नाही," वुकाशिन म्हणाला. इंजिन बंद करायची त्याची छाती नव्हती. त्याने सण गाडीतच साजरा केला. कोकरू, सणालाही शिजवतात ते गहू, केक, सगळं त्याला खिडकीतून मिळालं, आणि त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता खाल्लं. आत पंक्तीत कोसाराने यंदा काही विचारलं नाही. "आवाज फार करते," एवढंच म्हणाली.

"हो ना गं," स्तोयांका म्हणाली. "बसमध्ये कशी झोप तरी लागायची."

परतताना खिंडीतच इंजिन थांबलं. मोजा तुटला होता. वुकाशिनचा चेहरा उतरला. इथून पुढे सगळा उतार होता. पण गाडी बंद पडली ती पडलीच, आणि मागच्या सीटवरची बाई अजून बोलली नव्हती.

"ब्रेक आहेत ना?" मागून आवाज आला. तिथे कोंबडी नव्हती, म्हणजे प्रश्न त्यालाच होता.

"आहेत," तो म्हणाला. "ते कुणी मागितलेच नाहीत."

"मग सोड."

त्याने ब्रेक सोडला. गाडी आवाज न करता उतरायला लागली. दोन्हीकडे बीच वृक्षांचं रान होतं आणि इतकं शांत होतं, की मांडीवरच्या रिकाम्या भांड्यातला चमचा वाजलेला ऐकू येत होता.

"माणसा," स्तोयांका म्हणाली, "माझा राग गेलेला नाही."

"ठाऊक आहे."

"परत कुणी विचारलं, स्तोयांका गेली का, तर काय सांगशील?"

"नाही."

"ऐकू आलं नाही."

"नाही!"

"तुझा आवाज बारीक आहे. ग्रबोवित्सापर्यंत जायला हवा."

खाली वळणावर रादिसाव हँडलसाठी, पाद्रीबाबा कॉइलसाठी आणि तिहोमीर प्लगसाठी वाट बघत उभे होते. त्यांना मोटारीचा आवाज आला नाही. डोंगरावरून वुकाशिनचाच आवाज येत होता, घोगरा होईपर्यंत ओरडलेला, "नाही! नाही! नाही!", आणि मध्येच स्तोयांकाचं हसणं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापल्या घरी गेले.